एक सकाळ कुणीही मदत करायची नाही

हे मी लिहिणारच नव्हतो. टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं, परत पुसलं. कारण यात माझ्या आत्याचं अंथरूण आहे, तिचा संडास आहे, आणि आपल्या माणसाबद्दल असलं कुणी लिहीत नाही. मग आत्यानेच विचारलं, "फोनमध्ये तोंड घालून काय कोरत बसलायस?"

म्हटलं, "तुझ्या अर्जाचं लिहितोय."

"अंथरुणाचं लिहिलंस?"

"लिहून पुसलं."

"मग उरलं काय? माझ्या भिंतीचा रंग?" असं म्हणून तिने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "लिहायचं तर सगळं लिही. अर्धवट लिहिलंस तर बघ."

म्हणून लिहितोय. वाचताना जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

आमची आत्या धारवाली. म्हणजे तिची स्वतःची एकच गाय होती, पण गावातल्या निम्म्या गोठ्यांत धार तीच काढायची. कुणाची बाई बाळंत, कुणाचा गडी पळाला, कुणाची गाय लाथाडते, बोलवा आत्याला. अंधार असताना निघायची, या गोठ्यातून त्या गोठ्यात, पाय शेणात घोट्यापर्यंत. हट्टी गायसुद्धा तिच्या हाताला पान्हा सोडायची. कुणी म्हटलं, "आज आमची पण एक काढशील का गं?" की आत्याचं उत्तर ठरलेलं. "होईल की." नाही म्हणायची सोयच नव्हती. एकदा नाही म्हटलं की पुढच्या वेळी दुसरीला बोलावतात. हातावर पोट असलेल्या माणसाच्या तोंडात तो शब्द वळतच नाही.

आता ते हात गेले. एकदम नाही गेले, हळूहळू गेले. बोटं आत वळली ती वळलीच. मूठ अर्धी मिटलेली राहते, जसं काही अजून कुणाचा तरी सड हातात धरलाय. सकाळी तर मुळीच उघडत नाहीत. खांदे वर जात नाहीत. बटण लागत नाही, नाडी सुटत नाही, तांब्या धरवत नाही. आणि नाडी वेळेवर सुटली नाही की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

शेजारची सून रोज पहाटे येऊन तिला आवरायची. अंग पुसणं, कपडे, केस, अंथरूण धुणं, सगळं. फुकट. पण तिला आता पॅकिंगच्या शेडमध्ये काम लागणार होतं. ती बिचारी रडत म्हणाली, "आत्या, पगार सोडून येणं परवडत नाही हो मला." खरंच होतं ते. तिचंही घर आहे.

आतेभाऊ शहरात असतो. त्याचं म्हणणं एकच. "तिला आश्रमात ठेवू. घर विकू. रिकाम्या गोठ्याची राखण कशाला करायची?" फोनवर बोलताना त्याच्या मागे टीव्ही चालू असतो. माझ्या आत्याचं आयुष्य तो जाहिराती लागल्या की निकालात काढतो.

उपाय एक होता. म्हातारपणी हात-पाय गेलेल्या माणसाला मदतनीस ठेवता यावा म्हणून सरकारी भत्ता मिळतो. तो मिळाला की सुनेला पगार देता येईल, ती शेडवर जाणार नाही आणि आत्या तिच्या घरात राहील. नाही मिळाला तर आश्रम. इतकं सरळ.

अर्ज मी भरायला बसलो. सोबत माझा मित्र होता, टायरच्या दुकानातला, त्याला सगळे पंक्चर म्हणतात. त्याच्याकडे तीनचाकी आहे, दवाखान्याचे कागद आणायला तोच आत्याला घेऊन गेला होता. डॉक्टरने काय ते लिहून दिलं होतं. उरलेलं आम्ही भरायचं होतं.

मी वाचलं, "स्वतः कपडे घालू शकता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही."

"होतं की," आत्या म्हणाली.

"होतं? आत्या, आज सकाळी कुणी घातले कपडे?"

"आज घाई होती."

"काल?"

"काल गारठा होता."

पंक्चर म्हणाला, "आत्या, परवा सुट्टी होती का?"

"तू गप रे हवा भरणाऱ्या."

पुढचा प्रश्न. "स्वतः अंघोळ करू शकता का?"

"होतं की. वेळ लागतो."

"किती वेळ?"

"ज्याला घाई आहे त्याने मोजावा."

पुढचा प्रश्न वाचताना माझीच जीभ अडखळली. शौचास जाऊन स्वतःची स्वच्छता राखू शकता का. कुणीतरी खुर्चीत बसून, पंख्याखाली, हा प्रश्न बनवला असेल. मग त्याला दुसऱ्याने होकार दिला असेल. मग छापायला पाठवला असेल. आणि मी भाचा म्हणून तो माझ्या आत्याला विचारायचा, समोर मित्र बसलेला असताना. पंक्चर लगेच उठला, "मी गाडीचा टायर बघून येतो" म्हणून बाहेर गेला. टायरला काही झालेलं नव्हतं.

आत्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाली, "कधीकधी लिही."

"आत्या, खरं सांग."

"कधीकधी लिही म्हटलं ना."

"कधीकधी लिहिलं तर देणार नाहीत."

"मग काय करू? गावभर फलक लावू का?" तिचा आवाज फाटला. "माझ्या हातांनी आख्खं गाव दूध प्यायलं. आता त्या हातांनी मी काय काय करू शकत नाही त्याची यादी हवी यांना? शी."

मी "कधीच नाही" वर खूण केली. तिला दाखवली नाही. पण तिला कळलं असणार, कारण नंतर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

अर्ज गेला. मग चिठ्ठी आली की ऑफिसातून तपासणीला मॅडम घरी येणार, अर्जदाराची दैनंदिन परिस्थिती प्रत्यक्ष पाहणार. इथे आमच्या लोकांनी जे केलं ते फक्त आमचेच लोक करू शकतात.

आमच्याकडे बाहेरचं माणूस घरी येणार म्हटलं की घर आवरतात. त्यात विचार करायला कुणी थांबत नाही. शिंकताना डोळे मिटतात तसं ते होतं. आत्याच्या घरी सरकारी मॅडम येणार, ही बातमी फिरली आणि आदल्या दिवशी दुपारपासून बाया गोळा व्हायला लागल्या. पुढे शिंपीणकाकू. गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे शिवते, त्यामुळे सगळ्यांची मापं तिला माहीत, आणि सगळ्यांना मापात ठेवायचं तिला व्यसन. तिने हुकूम सोडायला सुरुवात केली. जाळी काढा. भांडी घासा. ती गादी बाहेर काढा, वास मारतेय, माझ्याकडची आणा. गोठा धुवा.

मी म्हटलं, "काकू, गोठा कशाला? गाय कधीच विकली."

"म्हणून काय घाणेरडा ठेवायचा? मॅडम काय म्हणतील, धारवालीचा गोठा असा?"

"काकू, मॅडमना दिसू दे ना की हिला काही जमत नाही. त्यासाठीच येतायत त्या."

काकूने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आत्याला रस्त्यावर उघडं बसवायला सांगतोय. "आपल्या घरातला कचरा परक्याला दाखवतात का रे? शिकून आलास का हे मोबाईलमधून?"

गिरणीवाल्याने चुना आणला. भिंतीसुद्धा रंगवल्या. मला हसावं की ओरडावं कळेना. पंक्चर दारात टेकून म्हणाला, "वरात कधी निघणार?"

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. रस्त्यावर चिखल होता, त्यांनी बूट दाराबाहेर खरडले, आत आल्या आणि थबकल्या. घर असं चकचकीत की दवाखाना वाटावा. आत्या खुर्चीत. नवा स्वेटर, सगळी बटणं लावलेली, केस चापून विंचरलेले, पायात धुतलेले मोजे. हात मांडीवर, त्यावर रुमाल पसरलेला. तो रुमाल शिंपीणकाकूने ठेवला होता. म्हणे बरं दिसत नाही. ज्या हातांसाठी अर्ज, तेच हात रुमालाखाली!

मॅडमनी विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

आत्या म्हणाली, "मी एकटी."

"मग हे सगळं कोण करतं?"

उत्तर आत्याने दिलंच नाही. दारात, खिडकीत, अंगणात जेवढी तोंडं होती ती एकदम सुटली. "आमची आत्या फार टापटीप हो!" "कधी कुणाच्या पुढे हात पसरला नाही!" "हात म्हणजे काय, सोनं हो सोनं!" "या वयातसुद्धा बघा कशी!" गिरणीवाला तर म्हणाला, "मॅडम, ही अजून गाय समोर बांधा, धार काढून दाखवेल." आणि स्वतःच हसला. त्याला वाटलं त्याने वशिला लावला.

मी म्हटलं, "मॅडम, असं नाही. हे सगळं काल या लोकांनी…"

शिंपीणकाकूने माझ्या पायावर पाय दिला. अख्खी टाच.

मॅडम म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या. अर्जदार तुम्ही नाही."

मग चहा आला. तो चहा आत्याच्या मागच्या खोलीतून आला, पण केला होता काकूने तिच्या घरी आणि मागच्या खिडकीतून आत सरकवला होता. शेजारच्या सुनेने खिडकीतून घेतला आणि पडद्याआडून पुढे केला. मॅडमना सून दिसलीच नाही.

"चहा तुम्ही केलात?" मॅडमनी विचारलं.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी मानेने नको नको म्हणत होतो. पण दारात सगळं गाव उभं, सगळ्यांचे चेहरे फुललेले, आणि समोर परकं माणूस. आयुष्यभर जे तोंडातून निघालं तेच निघालं.

"होतं की तेवढं."

मॅडमनी लिहून घेतलं. "हात दाखवा" म्हणाल्या. आत्याने रुमालाखालून हात काढले. मॅडमनी बघितले, बोट हलवायला सांगितलं, आत्याने दात आवळून हलवलं. हललं थोडं. दुखलं किती ते तिच्या मानेच्या शिरेवरून मला दिसत होतं. मॅडम तेव्हा कागदाकडे बघत होत्या.

नकार आला. कागद मी मोठ्याने वाचला, अंगणात, सगळ्यांसमोर, मुद्दाम. अर्जदार एकटी राहून घर अत्यंत स्वच्छ व नीटनेटके ठेवते. स्वयंपाकघरातील कामे स्वतंत्रपणे करते. पोशाख व्यवस्थित. बोटांचा वाकडेपणा वयोमानानुसार असून त्यास अपंगत्व म्हणता येणार नाही.

मग शिंपीणकाकू म्हणाली, "बघा, अत्यंत स्वच्छ लिहिलंय."

मी ओरडलो, "काकू, तुमच्या स्वच्छतेने हिला आश्रमात घातलं!"

"आमच्यावर ओरडतोस? उपाशी राहून भिंती रंगवल्या आम्ही!"

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगायला लागतं का? आपलं माणूस आहे ते!" आणि काकू रडायला लागली. रडणाऱ्या बाईशी भांडता येत नाही. मला तिचा राग आला होता, आणि तिचा राग करता येत नाही याचाही राग आला. वयोमानानुसार म्हणे. म्हणजे हात गेले ते बरोबर, पण हात जायचं वय झाल्यावर गेले म्हणून ते गेले असं धरायचं नाही. तरुणपणी गेले असते तर चाललं असतं. पण तरुणपणी ते हात यांच्या चहात दूध घालत होते.

फेरतपासणी मागता येते असं त्याच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. हे कळल्यावर डेअरीचा चेअरमन आला. शर्टाला इस्त्री, अंगाला अत्तर, डेअरीतल्या आंबलेल्या दुधाचा वास अत्तराखालून येतोच. बसला आणि म्हणाला, "तुम्ही लोक भोळे. असं मिळत नसतं. घराचा उकिरडा करायचा. मी गड्याकडून दोन पाट्या शेण पाठवतो, खोलीत टाका. अंथरुणावर पण टाका थोडं. आत्याने बोलायचं नाही, नुसती लाळ गाळायची. आमच्या पाहुण्यांत एकाने पायाला पट्टी बांधून भत्ता घेतला, आता झाडावर चढून फळं काढतो."

आत्याने मान वर केली. म्हणाली, "चेअरमन, तुझ्या आईची गाय व्याली तेव्हा तुझ्या गोठ्यात गुडघाभर घाण होती. मी उपसली. आठवतं?"

"अहो आत्या, मी तुमच्या भल्यासाठी…"

"घाण उपसायला मी आहे. घाण पसरायला दुसरी बघ."

"मग राहा अशाच!"

"ऊठ. खुर्चीला अत्तर लागेल माझ्या."

तो गेला. पंक्चर भिंतीला टेकून हसून हसून खाली बसला. मी हसलो नाही. मला सगळ्यांचीच किळस आली होती. एक जण चुना फासतो, दुसरा शेण फासतो. आत्या आहे तशी कुणालाच नको.

दुसऱ्या दिवशी आत्याने मला बोलावलं. "खोटं करायचं नाही. खरं दाखवायला काय लागेल ते सांग."

मी म्हटलं, "काही लागणार नाही. काहीच करायचं नाही. मॅडमना पहाटे बोलवायचं, तू उठतेस तेव्हा. सुनेने यायचं नाही. कुणीच यायचं नाही. एक सकाळ कुणीही मदत करायची नाही."

ती बोटांकडे बघत राहिली. "म्हणजे मी असते तशी."

"हो."

"अंथरुणासकट."

"हो आत्या."

"शी," ती म्हणाली. मग म्हणाली, "बोलाव."

फेरतपासणीच्या अर्जात मी तेवढंच लिहिलं. मागच्या वेळी घर शेजाऱ्यांनी आवरलं होतं, या वेळी उजाडताना या. मला वाटलं नव्हतं येतील. त्याच मॅडम आल्या. कडाक्याची थंडी, धुकं इतकं की गोठ्यांच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, रस्त्याचा चिखल बुटाला चिकटत होता. मॅडम वैतागलेल्या. गाडीतून उतरताच म्हणाल्या, "ही काय वेळ आहे?"

"आमच्याकडे धार निघायची वेळ आहे, मॅडम."

गल्लीत प्रत्येक दारात माणूस उभं होतं. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन हात जोडून सांगितलं होतं. घरातून पाऊल काढू नका, एक सकाळ. त्यांना ते भिंती रंगवण्यापेक्षा जड गेलं. सून दारात उभी राहून पदर नाहीतर ओठ चावत होती. शिंपीणकाकू पायरीवर बसून एका धड शर्टाची शिवण उसवत होती, हाताला काहीतरी हवं म्हणून.

दार मी लोटलं. वास आला. लघवीचा, ओल्या गादीचा, बंद खोलीचा. आत्या पलंगाच्या कडेला बसली होती. रात्रीचे कपडे, खालून ओले. केस मोकळे, तोंडावर आलेले, बाजूला करता येत नव्हते म्हणून ती त्यांतूनच बघत होती. मी तिला आयुष्यात असं बघितलं नव्हतं. सुनेने आम्हाला कधी बघू दिलं नव्हतं.

"या बाई," आत्या म्हणाली. "बसा म्हणणार होते, पण खुर्चीवर कपडे आहेत आणि ते मला उचलता येत नाहीत."

मॅडम उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "रोजच्यासारखं करा. भाऊ, तुम्ही हात लावायचा नाही."

मी हात पाठीमागे बांधले. तसं उभं राहणं म्हणजे काय ते मला सांगता येणार नाही. आपलं माणूस समोर धडपडतंय आणि आपण पुतळा.

ती उठली. कोपर पलंगाच्या लाकडावर रोवून उठली. स्वेटर काढायला लागली. बटणावर मनगट घासलं, मग दातांनी धरलं, ते निसटलं, परत धरलं. लाळ गळाली स्वेटरवर. चेअरमनने सांगितली होती ती लाळ, पण ही खरी होती. एक बटण निघालं. मग दुसरं निघेना. ते तसंच सोडून ती कोपऱ्यातल्या पाण्याकडे गेली. तांब्या दोन मनगटांत धरला, उचलला, अर्ध्यात सुटला. पाणी सगळं पायांवर. पहाटेचं पाणी. ती कण्हली नाही. मॅडमनी पाऊल मागे घेतलं.

मग ती नाडीशी लढायला लागली. गाठ ओली झाली की आवळते. ती अंगठ्याने ढकलत होती, भिंतीच्या खिळ्याला अडकवून ओढत होती. तो खिळा मी कधीपासून बघतोय. मला वाटायचं कॅलेंडरसाठी आहे.

"पुरे," मॅडम म्हणाल्या. "पुरे झालं, मावशी. कळलं मला."

"का पुरे? तुमच्या कागदावर संडासाचं आहे ना?"

"आहे, पण…"

"मग या मागे. तो लांब नाही, इथेच आहे, गोठ्यापलीकडे."

"मावशी, नको."

"मागच्या वेळी तुम्ही बसून चहा प्यायलात आणि लिहिलंत की मी केला. आता उभ्या राहा आणि बघा. लिहा बाई. पेन का थांबलं तुमचं?"

मॅडम मागे गेल्या. मी नाही गेलो. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, आणि ऐकू येऊ नये म्हणून मनात गोठ्यांतल्या एकेका गायीचं नाव घेत होतो. तरी ऐकू आलं. आत्या म्हणाली, "हात पोचत नाही, दिसतंय ना? मग रोज कोण करत असेल? माझ्या पोटची नाही ती. शेजारची आहे. तिला पगार द्यायचाय मला. भीक नकोय."

बऱ्याच वेळाने मॅडम एकट्या बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. अंगणातल्या नळावर गेल्या आणि हात धुतले. घासून घासून, कोपरापर्यंत. त्यांनी कशालाही हात लावला नव्हता. पेन सोडून.

त्यांची गाडी हलल्याबरोबर सून धावली, तिच्या मागे काकू, मागे सगळ्या. काकूने मला दारातून ढकलून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आतून बादलीचा आवाज आला, आणि काकूचा, "बस गं बस, मी आहे." आत्याचा रडण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

भत्ता मंजूर झाला. कागदावर लिहिलं होतं, दैनंदिन जीवनासाठी सततच्या मदतीची आवश्यकता आहे. तेच हात, तेच वय. या वेळी वयोमानाचा उल्लेख नव्हता.

सून आता पगारावर येते. आत्या तिच्या घरात आहे. जिंकलो म्हणायचं. पंक्चरने गाडीचा हॉर्न वाजवत गल्लीतून फेरी मारली. पण गिरणीवाला आत्यासमोर आला की जमिनीकडे बघतो. चेअरमन सांगत फिरतो की त्याच्या सल्ल्यानेच झालं, शेण त्यानेच पाठवलं होतं. लोक त्याचं ऐकतात, कारण ते ऐकायला सोपं आहे. मला अजून मधेच ती खोली आठवते आणि तोंडात कडू येतं. तिची नाही किळस येत. ज्याने ठरवलं की हे बघितल्याशिवाय द्यायचं नाही, त्याची येते.

आत्याला विचारलं, राग आहे का माझा?

"आहे," ती म्हणाली. "जाईल. मंजूर झालंय ते नाही जाणार."

काल संध्याकाळी पंक्चरच्या दुकानात बसलो होतो. हा माणूस एरवी तोंड बंद ठेवत नाही. काल एक ट्यूब पाण्यात बुडवून नुसता बसला होता. बुडबुडे येत होते, तो बघतही नव्हता.

"काय झालं?"

"माझा बाप," तो म्हणाला.

"बहिणीकडे गेलाय ना तो? कधीपासून सांगतोयस."

"कुठे नाही गेला. आतल्या खोलीत आहे." त्याने ट्यूब बाहेर काढली, परत बुडवली. "पायाची जखम भरत नाही. साखरेची. पाय टाकता येत नाही. वास येतो. आई जेवते बाहेर अंगणात. तोच म्हणाला, लोकांना सांग मी गावाला गेलोय."

मी त्याच्या हातातून ट्यूब काढून बाजूला ठेवली.

"त्याचा अर्ज होईल का रे?"

"होईल."

"मॅडम येतील. बघतील."

"येतील."

"त्याच्या आधी तू यायला लागशील. लिहायला. तो डॉक्टर सोडून कुणाला आत येऊ देत नाही. आत येणाऱ्याच्या तोंडाकडेच बघत राहतो. डॉक्टरने एकदा मान फिरवली, तर त्या दिवशी जेवला नाही." पंक्चरने हात पँटला पुसले. "तू येशील? खरं सांग, नाही जमणार तर नाही म्हण."

म्हटलं, "उद्या येतो. पलंगाजवळ बसेन, दाराजवळ नाही. आणि कितीही वास आला तरी तुझ्या बापासमोर माझा हात नाकाकडे जाणार नाही."